खनिज तेलाच्या जड भागांचे वर्णलेखनीय पृथक्करण

खनिज तेलाचे वातावरणीय दाबाखाली ऊर्ध्वपातन केले (उकळून बाष्प वेगळे काढले व ते थंड करून द्रवरूपात मिळविले) म्हणजे सु. ३५०° से. पर्यंत पेट्रोल, केरोसीन, डीझेल इ. हलके व मध्यम भाग निघून जातात. मागे राहणारा काळा, घट्ट अवशेष आणि त्याचे निर्वातात पुन्हा ऊर्ध्वपातन करून मिळणारी तेले व अंतिम अवशेष यांना खनिज तेलाचे जड भाग म्हणतात. वंगणतेले, मेण, भट्टीतेल व रस्त्यांवर वापरले जाणारे डांबर (बिट्युमेन) हे पदार्थ या भागांतूनच मिळतात. या भागांतील घटक त्यांच्या उकळबिंदूंवरून वेगळे करता येत नाहीत. म्हणून घन पृष्ठभागास चिकटण्याची प्रवृत्ती, विद्राव्यता, अम्लता, रेणूचे आकारमान इ. गुणधर्मांतील फरकांचा उपयोग करून ते अलग करतात. अशा पद्धतींना एकत्रितपणे वर्णलेखनीय पृथक्करण असे म्हणतात [⟶ वर्णलेखन].

जड भागांचे स्वरूप : सु. ३६०° से. च्या वर तापविल्यास तेलातील मोठे रेणू उकळण्यापूर्वीच तुटू लागतात. त्यामुळे दाब कमी करून ऊर्ध्वपातन करावे लागते व त्यायोगे वातावरणीय दाबाच्या हिशेबाने सु. ५४०° से. पर्यंत उकळणारी तेले मिळविता येतात. त्यापुढील अवशेष नेहमीच्या निर्वात मनोऱ्यात बाष्परूप होत नाही. ही झाली पहिली अडचण. दुसरी अडचण घटकांच्या संख्येची आहे. १० कार्बन अणू असलेल्या संपृक्त हायड्रोकार्बनाचे ७५ समघटक (रेणुसूत्र तेच परंतु अणूंची मांडणी निराळी असलेली संयुगे) संभवतात. २० कार्बन अणूंसाठी ही संख्या ३,६६,३१९ होते आणि ३० कार्बन अणूंसाठी ती ४११ कोटींवर जाते. हे सर्व समघटक निसर्गात आढळत नाहीत. तथापि जड भागातील प्रत्येक संयुग अलग करून ओळखण्याचा प्रयत्न का सोडून द्यावा लागला, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

याखेरीज तेलातील गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि व्हॅनेडियम व निकेल या धातू जड भागांत एकवटलेल्या असतात. या धातूंचा काही भाग पोर्फिरीन या वलयी संयुगांच्या रूपात असतो. वनस्पतींतील हरितद्रव्याशी या संयुगांचे असलेले नाते जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेट ट्राइप्स यांनी १९३४-३६ मध्ये दाखवून दिले आणि खनिज तेलाच्या जैव उत्पत्तीचा तो एक महत्त्वाचा पुरावा ठरला.

प्रत्येक संयुगाचा शोध घेण्याऐवजी जड भागातील घटकांचे चार गट पाडण्याची प्रथा रूढ आहे : (१) संपृक्त हायड्रोकार्बने, (२) ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने (बेंझिनासारखी वलये असलेली), (३) रेझिने (गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन असलेली ध्रुवीय संयुगे) आणि (४) ॲस्फाल्टिने (हेप्टेन वा पेंटेन यांत न विरघळणारी पण टोल्यूइनात विरघळणारी संयुगे). या गटांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून या विश्लेषणास ‘सारा’ विश्लेषण असे म्हणतात. ॲस्फाल्टीन ही संज्ञा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झां बातीस्त बूसँगो यांनी १८३७ मध्ये प्रथम वापरली.

इतिहास : वर्णलेखन आणि खनिज तेल यांचा संबंध जुना आहे. अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड टॅलबट डे यांनी १८९७ च्या सुमारास कच्चे तेल मुलतानी मातीच्या स्तंभातून जाऊ दिले, तेव्हा प्रथम बाहेर पडणारे तेल फिकट व हलके आणि नंतरचे गडद व जड असल्याचे त्यांना आढळले. निसर्गात खडकांतून वाहताना तेलात असाच बदल होत असावा, असे त्यांचे मत होते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्ये कॅल्शियम कार्बोनेटाच्या स्तंभावर अलग केली (१९०३-०६) आणि या पद्धतीस वर्णलेखन हे नाव दिले. रंगद्रव्ये धुऊन खाली नेण्यासाठी त्यांनी पेट्रोलियम ईथर हा खनिज तेलाचाच हलका भाग वापरला होता. डे यांच्यापुढे तेलाच्या घटकांत पडलेला फरक होता, तर त्या फरकामागील तत्त्व ओळखून त्याची सर्वसाधारण पद्धत बनविण्याचे श्रेय त्स्वेत यांच्याकडे जाते.

१९२७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ओक्लाहोमा राज्यातील पाँका सिटी येथील तेलातील हायड्रोकार्बने अलग करण्याचा दीर्घकालीन प्रकल्प हाती घेतला. फ्रेडरिक रोसिनी यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या या कामात ऊर्ध्वपातनाच्या जोडीला सिलिका जेलावरील अधिशोषणाचा (पृष्ठभागावर धरून ठेवण्याच्या क्रियेचा) उपयोग करण्यात आला. आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये विभाजन वर्णलेखन शोधून काढले. त्याबद्दल त्यांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मार्टिन व ए. टी. जेम्स यांनी वायु-द्रव वर्णलेखनाची पद्धत प्रसिद्ध केली. जे. सी. मूर यांनी १९६४ मध्ये जेल पारगमन वर्णलेखन प्रचारात आणले. एल. डब्ल्यू. कॉर्बेट यांनी १९६९ मध्ये डांबराचे चार गट पाडण्याची ॲल्युमिना-स्तंभाची पद्धत मांडली आणि १९७२ मध्ये डी. एम. जुएल व त्यांचे सहकारी यांनी आयन-विनिमय, सहसंयोजन व अधिशोषण या तिन्हींवर आधारलेली सारा पद्धत प्रसिद्ध केली. भारतात डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्था (स्थापना १९६०) ही या विषयातील संशोधनाचे प्रमुख केंद्र आहे.

तत्त्व : वर्णलेखनात दोन प्रावस्था असतात. त्यांपैकी स्थिर प्रावस्था ही नळीत भरलेले घन चूर्ण किंवा आधारावर पसरलेला द्रवाचा थर असते. चल प्रावस्था ही तिच्यावरून वाहणारा द्रव, वायू वा अतिक्रांतिक द्रायू असते. मिश्रणातील जो घटक स्थिर प्रावस्थेस अधिक घट्ट धरून राहतो तो मागे पडतो व जो चल प्रावस्थेत अधिक रमतो तो लवकर बाहेर पडतो. चल प्रावस्थेने घटक धुऊन बाहेर काढण्याच्या क्रियेस निक्षालन म्हणतात.

जड भागांच्या बाबतीत अधिशोषणाची शक्ती मुख्यत्वे रेणूच्या ध्रुवीयतेवर व त्यातील वलयांच्या संख्येवर अवलंबून असते. संपृक्त हायड्रोकार्बनांना सिलिका जेल वा ॲल्युमिना जवळजवळ धरतच नाही. एक, दोन, तीन अशी ॲरोमॅटिक वलये वाढत गेली की पकड वाढत जाते. नायट्रोजन वा ऑक्सिजन असलेले रेणू सर्वांत घट्ट चिकटतात. त्यामुळे प्रथम अध्रुवीय व नंतर क्रमाने अधिकाधिक ध्रुवीय विद्रावक स्तंभातून सोडले असता गट एकामागून एक बाहेर येतात.

स्तंभ पद्धती : विश्लेषणाचा आरंभ ॲस्फाल्टिने वेगळी करून करावा लागतो, कारण ती अधिशोषकास इतकी घट्ट चिकटतात की पुढे परत मिळत नाहीत. १ ग्रॅ. नमुन्यात सु. १०० मिलि. हेप्टेन घालून तापवितात व मिश्रण थंड होऊ देतात. तळाशी बसलेला काळपट तपकिरी साका गाळून, धुऊन, वाळवून तोलतात. हेप्टेनाऐवजी पेंटेन वापरल्यास साका अधिक मिळतो, कारण त्यात काही रेझिनेही खाली बसतात. म्हणून ॲस्फाल्टिनांचे प्रमाण सांगताना विद्रावकाचे नाव सांगणे आवश्यक असते.

गाळून मिळालेल्या विद्रावास माल्टीन म्हणतात. तो आटवून ॲल्युमिनाच्या उभ्या स्तंभाच्या माथ्यावर सोडतात. हेप्टेनाने धुतले असता संपृक्त हायड्रोकार्बने रंगहीन विद्रावाच्या रूपात खाली येतात. त्यानंतर टोल्यूइनाने ॲरोमॅटिक संयुगे व शेवटी टोल्यूइन-मिथेनॉल मिश्रणासारख्या अधिक ध्रुवीय विद्रावकांनी रेझिने बाहेर काढतात. स्तंभावर पिवळ्या, तपकिरी व काळ्या पट्ट्या खाली सरकताना दिसतात. जंबुपार दिव्याच्या प्रकाशात ॲरोमॅटिकांचा पट्टा निळसर चमकतो आणि त्यावरून विद्रावक बदलण्याची वेळ ठरविता येते. प्रत्येक गटातील विद्रावक उडवून देऊन उरलेले द्रव्य तोलतात. पूर्वी यासाठी बेंझीन वापरीत असत. ते कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाल्यावर त्याची जागा टोल्यूइनाने घेतली.

अमेरिकन मानक संस्थेच्या डी-२००७ या पद्धतीत एकावर एक असे दोन स्तंभ ठेवतात. वरच्या स्तंभात ॲटापल्जाइट जातीची माती व खालच्यात सिलिका जेल असते. पेंटेनाबरोबर संपृक्त हायड्रोकार्बने दोन्ही स्तंभ ओलांडून जातात, ॲरोमॅटिके सिलिका जेलात आणि ध्रुवीय संयुगे मातीत अडकतात. नंतर स्तंभ सुटे करून प्रत्येकातील द्रव्य योग्य विद्रावकाने काढून घेतात. रबरात मिसळावयाच्या तेलांसाठी ही पद्धत विशेष वापरली जाते.

अधिशोषक व त्याची क्रियाशीलता : ॲल्युमिना हे बॉक्साइट या खनिजापासून मिळते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात सह्याद्रीच्या सपाट माथ्यांवर जांभ्या दगडाच्या थरांबरोबर बॉक्साइटाचे साठे आहेत. तेथील दुर्गमानवाड परिसरातील बॉक्साइट बेळगाव येथील ॲल्युमिना कारखान्यास पुरविण्यात आले आहे. बॉक्साइटाचा मुख्य उपयोग अर्थातच ॲल्युमिनियम धातूसाठी होतो. तथापि तापवून सच्छिद्र व क्रियाशील केलेले बॉक्साइट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वंगणतेले व मेण यांचा रंग काढण्यासाठी परिष्करण कारखान्यांतही वापरीत असत. प्रयोगशाळेतील ॲल्युमिनाचा स्तंभ हे त्याच क्रियेचे शुद्ध व नियंत्रित रूप होय.

ॲल्युमिनाची पकड त्यातील पाण्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. पाण्याचे रेणू पृष्ठभागावरील सर्वांत प्रभावी जागा आधीच अडवून बसतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हान्स ब्रोकमान यांनी १९४१ मध्ये ॲल्युमिनाच्या क्रियाशीलतेच्या पाच श्रेणी ठरविल्या. त्यांत पाण्याचे प्रमाण अनुक्रमे ०, ३, ६, १० व १५% असते. यामुळे दमट हवेत उघडे राहिलेले चूर्ण तेच असले तरी निष्कर्ष बदलतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वा कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात हवेतील बाष्प अतिशय असते. तेथे चूर्ण प्रत्येक वेळी ठराविक तापमानास भाजून, बंद पात्रात थंड करून आणि माहीत असलेल्या मिश्रणावर पारखून घेतल्याशिवाय जून महिन्यातील व जानेवारीतील आकड्यांची तुलना करता येत नाही.

दंड पद्धती व उच्च दाबाचे द्रव वर्णलेखन : स्तंभ पद्धतीस एक ते दोन दिवस व बराच विद्रावक लागतो. सु. ०·९ मिमी. व्यासाच्या क्वॉर्ट्‌झच्या दांडीवर सिलिकेचा पातळ थर देऊन तीवर नमुन्याचा सूक्ष्म थेंब ठेवतात व ती क्रमाने तीन विद्रावकांत उभी करतात. चार गट दांडीवर वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. नंतर दांडी हायड्रोजनाच्या ज्योतीतून सरकवितात आणि प्रत्येक गट जळताना निर्माण होणाऱ्या आयनांवरून त्याचे प्रमाण मोजतात. काही तासांत अनेक नमुने तपासता येत असल्याने परिष्करण कारखान्यांत व डांबराच्या प्रयोगशाळांत ही पद्धत लोकप्रिय झाली. मात्र सर्व गट ज्योतीत सारखे जळत नाहीत. त्यामुळे स्तंभ पद्धतीने अलग केलेल्या गटांवर उपकरण पडताळून घ्यावे लागते.

उच्च दाबाच्या द्रव वर्णलेखनात काही मायक्रोमीटर आकाराच्या कणांचा स्तंभ व पंप वापरतात. ॲमिनो वा सायनो गट जोडलेल्या सिलिकेवर ॲरोमॅटिक संयुगे वलयांच्या संख्येनुसार अलग होतात. संपृक्त गट प्रथम बाहेर पडल्यावर प्रवाहाची दिशा उलटवून ध्रुवीय संयुगे एकत्रित काढून घेतात. सर्व गटांना सारखा प्रतिसाद देणारा अभिज्ञातक (घटकाची जाणीव करून देणारे साधन) उपलब्ध नसणे ही या पद्धतीतील मुख्य उणीव आहे.

आयन-विनिमय व सहसंयोजन : माल्टिनाचा विद्राव ऋणायन-विनिमयक रेझिनावरून नेल्यास कार्बॉक्सिलिक अम्ले व फिनॉले अडकतात. धनायन-विनिमयक रेझिनावर पिरिडीन, क्विनोलीन इ. क्षारकीय नायट्रोजन संयुगे अडकतात. कार्बाझोलासारखी उदासीन नायट्रोजन संयुगे मातीवर बसविलेल्या फेरिक क्लोराइडाशी जोडली जाऊन थांबतात. गंधकाच्या काही संयुगांसाठी पॅलेडियम क्लोराइड लावलेली सिलिका वापरतात. क्षारकीय नायट्रोजन उत्प्रेरकी भंजनातील अम्लधर्मी उत्प्रेरक निष्क्रिय करीत असल्यामुळे या पृथक्करणास व्यावहारिक महत्त्व आहे.

जेल पारगमन : या पद्धतीत पॉलिस्टायरिनाचे सच्छिद्र कण भरलेल्या स्तंभातून नमुन्याचा विद्राव पाठवितात. लहान रेणू छिद्रांत शिरून रेंगाळतात, मोठे रेणू बाहेरूनच निघून जातात. म्हणजे येथे मोठा रेणू प्रथम व लहान शेवटी बाहेर पडतो. या पद्धतीने ॲस्फाल्टिनांचा रेणुभार पूर्वी हजारोंच्या घरात येत असे. ॲस्फाल्टीन रेणू विद्रावातही एकमेकांस चिकटून पुंजके बनवितात व उपकरण त्या पुंजक्यांचे आकारमान मोजते, हे नंतर लक्षात आले. इतर भौतिक पद्धतींनी त्यांचा सरासरी रेणुभार आता सु. ५०० ते १,००० च्या दरम्यान मानला जातो. स्तंभातून बाहेर पडणारा प्रवाह थेट द्रव्यमान वर्णपटमापकात सोडून व्हॅनेडियम, निकेल व गंधक कोणत्या आकाराच्या रेणुसमूहांत आहेत हेही समजते.

वायुवर्णलेखन : जड भागांचे सर्व घटक बाष्परूप होत नसल्याने वायुवर्णलेखनास मर्यादा पडते. तरीही उकळबिंदूंचे वितरण समजण्यासाठी ते उपयुक्त आहे. अध्रुवीय स्तंभातून घटक उकळबिंदूच्या क्रमाने बाहेर येतात. सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांच्या वेळांशी तुलना करून नमुन्याचा किती टक्के भाग कोणत्या तापमानापर्यंत उकळेल ते काढतात. यास अनुकारी ऊर्ध्वपातन म्हणतात. सर्वसाधारण पद्धत ५३८° से. पर्यंत चालते. सु. ४३०° से. पर्यंत तापविता येणाऱ्या आखूड धातवीय केशनलिकांच्या साहाय्याने सु. १०० कार्बन अणूंच्या हायड्रोकार्बनापर्यंत, म्हणजे सु. ७२०° से. उकळबिंदूपर्यंत, मजल जाते. त्यापुढील भाग स्तंभातून बाहेर येत नाही व त्याचे प्रमाण वजाबाकीने काढावे लागते.

जॉन बी. फिलिप्स व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये द्विमितीय वायुवर्णलेखन प्रसिद्ध केले. यात एका स्तंभातून उकळबिंदूनुसार बाहेर पडणारा प्रवाह दर काही सेकंदांनी थोडाथोडा दुसऱ्या, ध्रुवीयतेनुसार अलग करणाऱ्या आखूड स्तंभात सोडतात. परिणामी आलेख रेषेऐवजी नकाशासारखा मिळतो आणि त्यावर एकाच जातीची संयुगे ओळीने मांडलेली दिसतात. कार्बन डाय-ऑक्साइड ३१° से. तापमान व सु. ७४ बार दाब यांच्या वर अतिक्रांतिक अवस्थेत जातो. तो चल प्रावस्था म्हणून वापरल्यास बाष्परूप न होणारे काही रेणूही कमी तापमानास अलग करता येतात.

उपयोग : (अ) परिष्करण : महाराष्ट्रात तुर्भे (मुंबई) येथे १९५४ व १९५५ मध्ये सुरू झालेले दोन परिष्करण कारखाने सध्या अनुक्रमे हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आहेत. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्राचे तेल हलके, कमी गंधकाचे व मेणयुक्त आहे. त्याच्या जड भागात संपृक्त हायड्रोकार्बनांचा भरणा असल्याने ते डांबरासाठी सोयीचे नाही. त्यासाठी पश्चिम आशियातील अधिक जड तेल वापरावे लागते. कोणत्या तेलाच्या अवशेषापासून वंगणतेल, कोणत्यापासून डांबर व कोणत्याचे भंजन करावे हे सारा विश्लेषणावरून आधीच ठरविता येते. उत्तर गुजरातेतील मेहसाणा भागातील बलोल व संथाल या क्षेत्रांतील घट्ट तेल जमिनीतच अंशतः जाळून पातळ केले जाते. तेथेही तेलाचे घटकगट माहीत असणे आवश्यक असते.

तेलात ॲस्फाल्टिने रेझिनांच्या व ॲरोमॅटिकांच्या आधाराने कलिल रूपात तरंगत राहतात. संपृक्त व ॲस्फाल्टीन यांच्या बेरजेस ॲरोमॅटिक व रेझीन यांच्या बेरजेने भागून येणारा अंक सु. ०·७ पेक्षा कमी असल्यास तेल स्थिर व ०·९ पेक्षा जास्त असल्यास अस्थिर समजतात. दोन वेगवेगळी तेले मिसळली असता हा तोल बिघडून टाक्यांत, नळांत व उष्णता-विनिमयकांत गाळ बसतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाची कमाल मर्यादा ३·५% वरून ०·५% वर आणण्यात आली. त्यामुळे निरनिराळे भाग मिसळून इंधन बनविण्याचे प्रमाण वाढले आणि या परीक्षेचे महत्त्वही वाढले. भर समुद्रात गाळण्या तुंबून जहाजाचे एंजिन बंद पडणे हा केवळ आर्थिक हानीचा प्रश्न नसतो.

(आ) रस्ते : कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर व फोंडा घाट या मार्गे कोकणात उतरणाऱ्या रस्त्यासारखे सह्याद्रीतील रस्ते डांबराची कसोटी पाहणारे आहेत. उन्हाळ्यात कडक ऊन व पावसाळ्यात अनेक आठवडे सतत पाणी, अशी दुहेरी परीक्षा त्यांना द्यावी लागते. रस्त्याच्या डांबरात सामान्यतः ५-२५% ॲस्फाल्टिने व ५-१५% संपृक्त हायड्रोकार्बने असतात. उरलेला भाग ॲरोमॅटिके व रेझिने यांचा असतो. हवेतील ऑक्सिजन व उष्णता यांमुळे ॲरोमॅटिकांचे रेझिनांत व रेझिनांचे ॲस्फाल्टिनांत रूपांतर होत जाते. संपृक्त भाग मात्र जवळजवळ तसाच राहतो. डांबर कडक व ठिसूळ होते, त्यास बारीक भेगा पडतात व त्यांतून पाणी आत शिरते. डांबरातील कार्बॉक्सिलिक अम्ले व सल्फॉक्साइडे खडीच्या पृष्ठभागास घट्ट चिकटतात, परंतु पाणी त्यांना तितक्याच सहजतेने तेथून हुसकावते. खडी सुटी होऊन खड्डा पडण्याची क्रिया येथून सुरू होते.

भारतीय मानकानुसार २००६ पासून डांबराची प्रतवारी ६०° से. तापमानातील श्यानतेवर केली जाते (व्हीजी-१०, २०, ३० व ४०). दोन डांबरांची श्यानता सारखी असूनही त्यांची घटकरचना निराळी असू शकते व ती वेगवेगळ्या वेगाने म्हातारी होतात. रस्त्यातून कापून काढलेल्या नमुन्यातील डांबर विद्रावकाने वेगळे करून त्याचे सारा विश्लेषण केल्यास दोष मूळ डांबरात होता, ते मिसळताना अति तापविल्यामुळे उद्‌भवला की तो पाण्याच्या निचऱ्याचा होता, हे ठरविण्यास साहाय्य होते. खड्ड्याची दुरुस्ती कशी करावयाची हे या उत्तरावर अवलंबून असते.

(इ) सागरी प्रदूषण : ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा व खलिजिया-३ या जहाजांची टक्कर होऊन इंधनतेल समुद्रात सांडले आणि ते किनाऱ्यावर व खारफुटीच्या वनांत पसरले. अशा प्रसंगी उगम उघड असतो. परंतु पावसाळ्याच्या सुमारास कोकण व गोव्याच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या डांबरगोळ्यांचा धनी कोण, हे पाहून कळत नाही. लाटा, ऊन व जीवाणू यांमुळे तेलाचे हलके घटक नाहीसे होतात. मात्र जड भागातील होपेने (जीवाणूंच्या पटलांपासून आलेली) व स्टेरेने (शैवले इत्यादींतील स्टेरॉलांपासून आलेली) ही संयुगे दीर्घकाळ टिकतात. त्यांची परस्पर प्रमाणे प्रत्येक तेलक्षेत्रात निराळी असल्याने ती बोटांच्या ठशांप्रमाणे उपयोगी पडतात. प्रथम स्तंभावर संपृक्त गट अलग करतात व नंतर वायुवर्णलेखन-द्रव्यमान वर्णपटमापकाने तो तपासतात. गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ऑगस्ट २०१० व मे २०११ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यांवर गोळा केलेल्या डांबरगोळ्यांचे असे विश्लेषण केले. ते आग्नेय आशियाई तेलाचे असून तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतल्याने समुद्रात आले असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

(ई) आरोग्य : बहुवलयी ॲरोमॅटिक संयुगांपैकी बेंझो (ए) पायरीन इ. काही संयुगे कर्करोगकारक आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशुद्ध व अल्पशुद्ध खनिज तेले मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचे, तर रस्ते करताना डांबराच्या धुराशी येणारा संपर्क संभवतः कर्करोगकारक असल्याचे म्हटले आहे. दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबरात ही संयुगे कितीतरी अधिक असतात. मराठी व्यवहारात दोन्ही पदार्थांस डांबर हेच नाव असले, तरी कामगारांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. द्रव वर्णलेखन व अनुस्फुरण अभिज्ञातक यांच्या साहाय्याने ही संयुगे अत्यल्प प्रमाणातही मोजता येतात.

मर्यादा : सारा विश्लेषणातील चार गट हे रासायनिक कुळे नसून पद्धतीने ठरविलेले विभाग आहेत. अधिशोषक, विद्रावक वा तापमान बदलले की सीमारेषा सरकते. म्हणून एका पद्धतीचे आकडे दुसऱ्या पद्धतीच्या आकड्यांशी ताडून पाहणे योग्य नसते. सु. ३००° से. च्या खाली उकळणारा भाग नमुन्यात असल्यास विद्रावक उडविताना तोही उडून जातो. काही ध्रुवीय द्रव्य स्तंभात कायमचे अडकते. परत मिळालेल्या सर्व गटांची बेरीज मूळ वजनाच्या जवळ येते की नाही, हे पाहिल्याखेरीज कोणताही निष्कर्ष ग्राह्य मानीत नाहीत.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून अतिउच्च विभेदनाच्या द्रव्यमान वर्णपटमापकांनी जड तेलाच्या एकाच नमुन्यात हजारो रेणुसूत्रे ओळखता येऊ लागली आहेत. तथापि रेणुसूत्रावरून रेणूची रचना समजत नाही आणि मिश्रणातील सर्व घटक सारख्या प्रमाणात आयनीभूत होत नाहीत. यासाठी नमुना अशा उपकरणात घालण्यापूर्वी स्तंभावर त्याचे गट पाडून घेणे इष्ट असते. त्यामुळे नवी साधने आली तरी चूर्ण भरलेल्या साध्या काचनळीची गरज कमी झालेली नाही.